बघ्याची नोकरी

माझा भाचा टीव्ही बघण्याचा पगार घेतो. हे कुणालाही सांगितलं की समोरचा हसून म्हणतो, "आमच्याकडंही एक आहे, पण तो फुकट बघतो." हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की आता समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मीच तो करून टाकते आणि पुढं जाते.

घरात त्याला बघ्या म्हणतात. नाव माझ्या भावानं ठेवलं. लहानपणी रस्त्यात कुठं खड्डा खणत असोत, दोन माणसं भांडत असोत, हा हात मागं बांधून उभा. मध्ये पडणार नाही आणि निघूनही जाणार नाही. घरी आल्यावर मात्र आधी कोण काय बोललं, कुणाची चप्पल तुटली, सगळं क्रमवार सांगणार. भाऊ डोक्याला हात लावायचा. "अरे, नुसतं बघण्याचे पैसे कोण देणार आहे तुला?" भाऊ लवकर गेला. नाहीतर त्याला दिसलं असतं की त्याचेही पैसे देणारं एक ऑफिस आहे.

त्या ऑफिसचं नाव प्रसारण मंडळ. एकदा बघ्या चष्मा घरी विसरला म्हणून मी तो द्यायला गेले, तेव्हा त्याची खोली पाहिली. खिडक्यांना आतून काळा कागद. ओळीनं टेबलं, प्रत्येक टेबलावर एक टीव्ही, प्रत्येक टीव्हीपुढं कानाला हेडफोन लावलेलं एक माणूस. पडद्यांवर लोक एकमेकांच्या अंगावर धावून ओरडत होते, आणि खोलीत मात्र पंख्याची कुरकुर आणि कुणीतरी सफरचंद चावल्याचा आवाज. प्रत्येकाला एकच चॅनल नेमून दिलेला, वर्षानुवर्षं. बघ्याच्या चॅनलचा मुख्य निवेदक त्याच्यादेखत टकला झाला, मग एका सोमवारी पुन्हा केसाळ झाला. नियमभंग दिसला की हे लोक तो तुकडा कापून ठेवतात आणि खाली अहवाल लिहितात. अहवालात 'खोटं' हा शब्द चालत नाही. 'दाव्यास आधार दाखवलेला नाही' असं लिहायचं. बघ्यानं नवा असताना एकदा 'थापा' असं लिहिलं होतं. मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. "तुम्ही बघायचं. ठरवायचं आम्ही."

आता मुद्द्याचं एक लक्षात ठेवा. या खोलीतली माणसं टीव्ही पाहतात तो तुम्ही-आम्ही पाहतो त्याच वेळी. तीर सुटल्यावर तो कसा सुटला हे लिहून काढण्याची ही नोकरी. आधी कुणी काही तपासत नाही.

माझ्या भावजयीचा, म्हणजे बघ्याच्या आईचा, समज नेमका उलटा होता. नोकरी लागली त्या दिवशी तिनं विचारलं होतं, "म्हणजे नक्की काय करायचं असतं रे?" आणि हा नव्या शर्टात ऐटीत म्हणाला, "टीव्हीवरचं सगळं आमच्या नजरेखालून जातं, आई." त्यात खोटं काही नव्हतं. पण तिनं आपल्या मनाशी जोडून घेतलं, की दूध जसं आधी केंद्रावर तपासतात आणि मग गल्लीत येतं, तसा टीव्ही आधी माझ्या मुलापुढं जातो, तो मान हलवतो आणि मग तो जगाला दिसतो. हा समज तिनं वीस-बावीस वर्षं उराशी बाळगला आणि कुणी खोडला नाही, कारण कुणाला माहीतच नव्हता. एवढं मात्र मी पाहत आले होते की टीव्हीवर काही आवडलं नाही तर ती बघ्यावर डाफरायची. "काय रे ती बाई, किती तोकडे कपडे! तुला दिसलं नाही?" बघ्याला वाटायचं आई चेष्टा करतेय.

मी त्याच इमारतीत एक मजला खाली राहते. नणंद-भावजय असूनही आमचं पटतं, कारण दोघींचे नवरे गेल्यावर भांडायला विषय उरला नाही. बघ्याचं लग्न राहूनच गेलं. तेव्हा वरच्या घरात हे दोघं, आणि अधूनमधून नाक खुपसायला मी.

भावजयीला काचबिंदू निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं: डोळ्यातला दाब वाढलाय, नजर कडेनं आत झिजत येते, गेलेली परत मिळत नाही, उरलेली राखायची. रोज थेंब, जन्मभर. थेंब झोंबणारे. आणि वर त्यांनी बरं काहीच वाटायचं नाही. वाईट होत नाही एवढाच त्यांचा गुण. अशा औषधाची जाहिरात कोण करणार? 'आमचे थेंब घाला, तुम्हाला काहीही फरक जाणवणार नाही!'

उलट बघ्याच्या चॅनलवर सकाळी एक गृहस्थ यायचा. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. डोळ्यांच्या औषधाला स्टेथोस्कोप कशाला लागतो हे मी आजतागायत कुणाकडून ऐकलेलं नाही. आम्ही त्याला थेंबवाला म्हणू. शेजारी एक निवेदिका, हुकमी रडणारी. रोज एक नवा आजोबा यायचा, चष्मा काढून टेबलावर ठेवायचा, समोरचं पुस्तक घडाघडा वाचायचा. निवेदिका रडायची. खाली फोन नंबर.

या कार्यक्रमावर बघ्यानं अहवालामागून अहवाल पाठवले होते. त्याच्याइतका तो कार्यक्रम कुणी पाहिला नसेल. एकच आजोबा तीन वेगवेगळ्या आडनावांनी येऊन गेला हेही त्यानंच हुडकून काढलं. तुकडे शेजारी-शेजारी लावून पाठवले. मंडळाचा नियम असा की चौकशी चालू असलेल्या कार्यक्रमाबद्दल बाहेर बोलायचं नाही. बघ्या नियमाचा पक्का. घरीही बोलला नाही.

मला कळलं ते एका साध्या सकाळी. भावजयीनं माझ्यासाठी चहा ओतला तो कपाच्या शेजारी, थेट टेबलावर. तरी ओततच होती.

"अगं, कुठं ओततेस?"

"हात हलला, वन्सं."

हात कुठं हलला होता? मी फडकं घ्यायला मोरीकडं वळले तर खिडकीत दोन बाटल्या. एक हॉस्पिटलची, सील न तोडलेली. दुसरी हिरवी, पानांचं चित्र असलेली, अर्धी संपलेली.

"हे काय आहे?"

"थेंब. हे झोंबत नाहीत. गार वाटतं."

"कुणी सांगितले?"

"सांगायला कशाला हवं? टीव्हीवर येतात. तुमच्या भाच्यानंच पास केलेत."

मी खुर्चीवर बसले. मग तासभर उलटतपासणी करून सगळं बाहेर काढलं. बघ्या आणून देतो ते थेंब ही बरेच महिने मोरीत पिळत होती, म्हणजे बाटली वेळेवर संपलेली दिसावी. बघ्याला कळू द्यायचं नव्हतं, कारण त्याचे पैसे वाया जातात याचं त्याला वाईट वाटलं असतं. हिरव्या बाटलीचं पार्सल खाली शिंप्याच्या दुकानात यायचं. आणि एकटं हिचंच नाही. हिनं इमारतभर सांगितलं होतं, की माझा मुलगा स्वतः तो चॅनल तपासतो. शिंप्याच्या कातरीशेजारी पार्सलांची चळत लागलेली असायची.

संध्याकाळी बघ्या आला. मी त्याला दारातच सांगितलं. तो आत गेला, बूटही न काढता.

"आई, ते थेंब म्हणजे रंगीत पाणी आहे. मीच त्याच्याविरुद्ध लिहिलंय. दहादा लिहिलंय!"

"तू लिहिलंस?"

"मी."

"मग तो अजून येतो कसा?"

बघ्या तिच्यासमोर बसला. मग समजावायला लागला. अहवाल जातो. मग नोटीस. मग चॅनलचं उत्तर. मग सुनावणी. चॅनलचा वकील तारीख मागतो. तोवर कार्यक्रमाचं नाव बदलतं, म्हणजे कागदोपत्री तो नवा कार्यक्रम, पुन्हा पहिल्यापासून.

भावजय शांतपणे ऐकत होती. लहान मुलाचं खोटं ऐकतात तशी. "हे बघ, खोटं असतं तर तुम्ही बंद केलं असतं. रोज सकाळी तुमच्यासमोरून जातोय. तू मला थेंब झोंबतात तरी घाल म्हणतोस, म्हणून हे सांगतोयस. कळतं मला."

"आई, आम्ही आधी नाही बघत! तुम्ही बघता तेव्हाच बघतो!"

"मग तुम्हाला पगार कशाचा देतात?"

याचं उत्तर तुमच्याकडं असेल तर कळवा.

आम्ही टीव्हीची वायर काढली. तर भावजय खाली शिंप्याच्या दुकानातला टीव्ही बघायला जाऊन बसायला लागली, रस्ता ओलांडून नव्हे एवढंच नशीब. पण जिन्यावर दोनदा पडली. तेव्हा बघ्यानं वायर पुन्हा लावली. "दिवसभर एकटी असते ती, आत्या." मी म्हटलं, "तू मंडळात शोभतोस."

रोज संध्याकाळी तो स्वतः तिच्या डोळ्यांत हॉस्पिटलचे थेंब घालायला लागला. ती घालून घ्यायची आणि पदरानं पुसून टाकायची. सकाळी हिरवी बाटली. ती मी फेकली तर दुसरी आली.

याच सुमाराला मंडळाला उपरती झाली. नुसत्या नोटिसांनी भागत नाही, लोकांनाच शहाणं करायला हवं. 'सजग प्रेक्षक वर्ग' निघाले आणि ज्येष्ठ नागरिकांचा वर्ग बघ्याच्या गळ्यात पडला, कारण त्याची बोलण्याची पद्धत सौम्य आहे. वर्ग आमच्याच वाचनालयाच्या हॉलमध्ये. बघ्याच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांनी काहीतरी उजळलेलं पाहिलं. "आत्या, आईला घेऊन ये. मी मुलगा म्हणून सांगितलेलं तिला पटत नाही. तिथं सगळ्यांबरोबर ऐकेल."

नेलं. भिंतीवर त्यानं मोठ्या अक्षरांत पाच प्रश्न लावले होते. कोण सांगतंय? कशावरून? यात फायदा कुणाचा? काय सांगायचं राहिलंय? आणखी कोण हेच सांगतंय? जमलेले बहुतेक पंख्यासाठी आणि बिस्किटांसाठी आलेले. तरी खरं सांगते, वर्ग रंगला. बघ्या चांगला शिकवतो. एक निवृत्त पोस्टमास्तर उठून म्हणाले, "सर, या वर्गात फायदा कुणाचा?" बघ्या म्हणाला, "बिस्किटवाल्याचा." हॉल हसला. भावजय पहिल्या रांगेत ताठ बसून एकेक प्रश्न पुटपुटून पाठ करत होती. शेवटी उजळणीत पाचही प्रश्न तिनं एका दमात म्हणून दाखवले. टाळ्या पडल्या. बघ्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू आता आईचे डोळे वाचले.

पुढच्या आठवड्यात तपासणी होती. मीही गेले होते. डॉक्टरीणबाईंनी मशीनचा कागद पुढं ठेवला. "दाब बराच वाढलाय. थेंब नियमित घालता ना?"

भावजयीनं हात मांडीवर जुळवले. "हे कोण सांगतंय?"

"मी सांगतेय."

"कशावरून?"

"मशीनवर दिसतंय, आजी."

"मशीन कुणाचं?"

"हॉस्पिटलचं."

"आणि थेंब कुठून घ्यायचे?"

"खालच्या दुकानातून."

"दुकान कुणाचं?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. दाराशी रांगेतले लोक कान टवकारून ऐकायला लागले होते. "हॉस्पिटलचंच."

"मग यात फायदा कुणाचा?" भावजयीनं विचारलं. आवाजात राग नव्हता, पहिल्या नंबरचं समाधान होतं. रांगेतला एकजण म्हणाला, "बरोबर विचारतायत हो आजी." दुसऱ्यानं मान डोलावली.

डॉक्टरीणबाई बघ्याकडं वळल्या. "तुम्ही काय करता?"

बघ्या म्हणाला, "मी बघतो." मग त्याला ते कसं वाटलं कोण जाणे, त्यानं पुढं जोडलं, "टीव्ही."

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी भावजयीला धरलं. "शहाणे, हेच प्रश्न त्या थेंबवाल्याला विचार की!"

"विचारले ना. फायदा कुणाचा? त्याचा. तो तोंडानं सांगतो, मी विकतोय, फोन करा. लपवत नाही. या बाईंनी मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. आणि तो माणसं दाखवतो, वन्सं. ही कागद दाखवते."

बघ्या बाकावर बसला होता. दोन्ही हात पाठीमागं बांधून, लहानपणी खड्ड्याच्या काठाशी उभा राहायचा तसा. मी चिडून म्हटलं, "बोल काहीतरी!" तो म्हणाला, "तिचं उत्तर चूक नाहीये, आत्या. मी प्रश्न शिकवले. कुणाचं उत्तर ऐकायचं ते शिकवता येत नाही."

मला ते पटलं नाही आणि खोडताही आलं नाही, म्हणून मी रिक्षा शोधायला गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी मंडळाचा निकाल आला. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला, बघ्याची पाठ थोपटली. एवढ्या वर्षांत त्याच्या अहवालावर झालेली ही पहिलीच कारवाई. कार्यक्रम बंद करायचा अधिकार मंडळाला नाही; पण कार्यक्रम चालू असताना पडद्याच्या तळाशी सतत एक पट्टी दाखवायची, असा आदेश. मी विचारलं, "आणि हेच सगळं लोकांच्या फोनवर फिरतं त्याचं काय?" बघ्या म्हणाला, "फोन आमच्याकडं येत नाही." "मग कुणाकडं येतो?" "ते अजून ठरायचंय."

तरी तो खुशीत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसात उशिरा जाण्याची परवानगी काढली, मला वर बोलावलं आणि आईला टीव्हीपुढं बसवलं. थेंबवाला आला. नवा आजोबा आला. आणि खाली खरोखरच पट्टी होती, निळ्यावर पांढरी अक्षरं.

"बघ आई. दिसली?"

"काय?"

"पट्टी. खाली."

"कुठं?"

"अगं, खाली. त्याच्या टेबलाच्या खाली बघ."

तिनं खुर्ची पुढं ओढली. मग उठून पडद्याजवळ गेली, इतकी की नाक काचेला लागेल. "मला तर त्याचं नाक दिसतंय," ती म्हणाली. "आणि गळ्यात ते आहे ना, ते. बाकी सगळं राखाडी आहे. तुमच्याकडून टीव्ही नीट येत नाही का रे हल्ली?"

बघ्यानं तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हळूच खाली वळवलं. "आता?"

"आता निळं काहीतरी आहे. थोडंसंच. अक्षरं आहेत का ती?"

मी खिडकीकडं तोंड केलं. मी रडणाऱ्यातली नाही. पण ज्यांना ती पट्टी वाचायची गरज होती त्यांचा आजार कडा खात जातो, आणि मंडळानं इशारा नेमका कडेला लावला होता, हे त्या भल्या माणसांच्या खोलीत कुणाच्याही डोक्यात आलं नसणार. बघ्याच्याही नाही. त्या सकाळी ते आलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते मला कळलं.

डॉक्टरीणबाईंनी पुढं जे करता येईल ते केलं. करण्यासारखं फार उरलं नव्हतं. त्या एका शब्दानंही 'मी सांगितलं होतं' असं म्हणाल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचं नाव कायम आदरानं घेईन.

आता भावजयीला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. हॉस्पिटलच्या थेंबांना उशीर केला म्हणून असं झालं, हे तिला पटलेलं नाही. तिचं म्हणणं, हॉस्पिटलचे थेंब आधी घातलेच नसते तर हिरव्यांना पूर्ण गुण आला असता. बघ्या वाद घालत नाही. वाचनालयातला वर्ग दर महिन्याला होतो. पाच प्रश्नांच्या जोडीला आता त्याचा छापील बॅजही निघालाय. पार्सलं शिंप्याकडं येतातच, हल्ली गुडघ्यांच्या तेलाची.

बघ्या दिवसभर ऑफिसात टीव्ही पाहतो आणि घरी येऊन आईशेजारी बसून पुन्हा पाहतो, कारण तिला ऐकू येतं पण कोण काय करतंय ते कळत नाही. तो सांगत जातो. "आता बाई आत आली. हिरवी साडी. आता ती रडतेय." त्याच्या आवाजात चढ-उतार नसतो, अहवालासारखं सांगतो. भावजयीला ते फार आवडतं. म्हणते, माझ्या मुलासारखं कुणी सांगत नाही.

परवा मी वर गेले तर थेंबवाल्याचं जुनं प्रक्षेपण लागलं होतं. भावजय म्हणाली, "ती तुमची पट्टी अजून आहे का रे?"

"आहे."

"काय लिहिलंय? त्या दिवशी वाचायची राहूनच गेली."

मला वाटलं तो काहीतरी थातुरमातुर सांगेल. पण बघ्या नियमाचा पक्का. त्यानं जसंच्या तसं वाचलं: "सदर कार्यक्रम प्रसारण मंडळाने पाहिला असून त्यातील दाव्यांची जबाबदारी निर्मात्याची आहे."

भावजयीचा चेहरा खुलला. तिनं चाचपडत त्याचा हात शोधला आणि वर थोपटलं.

"बघा वन्सं," ती मला म्हणाली, मी कुठं बसलेय याचा नीट अंदाज न आल्यामुळं दाराकडं तोंड करून. "मी काय सांगत होते? पाहिलाय यांनी. वर लिहूनसुद्धा दिलंय."

बघ्यानं हात सोडवला नाही. पडद्यावर आजोबानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आता काय करतोय रे?"

"वाचतोय," तो म्हणाला.